तिसरी पुकार

"हरकत हाय," हौसाबाई म्हणाली.

बाजार उठत आला होता. उतरत्या उन्हात मैदानभर धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत माणसं, पोती, उलटी करून ठेवलेली टोपली, सगळं पिवळं आणि थोडं अधांतरी दिसत होतं. टेम्पोच्या फाळक्यावर उभे असलेले पाळकसाहेब तोंड मिटायचं विसरले. माझ्या हातात पोतं शिवायची सुतळी होती, ती तशीच राहिली. माझा होणारा नवरा भास्कर माझ्याकडे पाहत होता आणि मी हौसाबाईकडे. ती आपल्या मिरच्यांच्या पोत्यावर बसून निवांत मिसरी लावत होती. बोलली ती हीच का, अशी शंका यावी इतकी निवांत.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर, म्हणजे चर्चला जमणाऱ्या लोकांसमोर, पाळक नवरा-नवरीची नावं मोठ्यानं सांगतात आणि कोणाला हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणतात. ह्याला पुकार म्हणायचं. ती नुसती रीत असते, कोणी काही बोलत नाही. पण चुकून कोणी बोललंच, तर चौकशी होऊन ती हरकत मिटेपर्यंत लग्न थांबतं. आणि त्या दिवशी चौकशी करणारा माणूसही समोर हजर होता. गावातल्या जुन्या दगडी चर्चचे सेक्रेटरी वाघचौरे सर टेम्पोच्या सावलीत दोन्ही हात काठीवर ठेवून उभे होते. बाजारकऱ्यांच्या ह्या घोळक्याला मंडळी म्हणता येईल का, हे पाहायला कमिटीनं त्यांना पाठवलं होतं. ते नाही म्हणाले असते तर आमच्या तिन्ही पुकारा पाण्यात जाणार होत्या आणि त्यांच्याबरोबर आमचं लग्नही. चाळिशीला टेकलेल्या बाईच्या आयुष्यात असा योग काही दर आठवड्याला येत नाही.

त्यात ह्या म्हातारीनं हे काढलं होतं.

माझं नाव सलोमी शिरसाठ. बाजारात मला सालू बोंबीलवाली म्हणायचे. वडील गेले तेव्हा मी विशीची होते. सुकट, बोंबील, सोडे विकायची त्यांची पाटी मी डोक्यावर घेतली आणि दोन धाकट्या भावांना शिकवलं. भाऊ पुण्याला नोकरीला लागले, त्यांनी घरं केली, आणि हळूहळू त्यांच्या नाकाला माझी पाटी सोसेना. मी वाईट वाटून घेतलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही फुरसत लागते आणि बाजार सात वारांचा असतो. आज ह्या गावाला, उद्या त्या. आम्ही सात-आठ जण रशीदभाईंचा टेम्पो मिळून करायचो, सकाळी मालासकट चढायचो आणि दिवेलागणीला मालासकट उतरायचो.

चर्च माझ्याकडून कधीच सुटलं होतं. का सुटलं म्हणून कोणी विचारलं तर मी रविवारच्या बाजाराकडे बोट दाखवायची. तालुक्याचा मोठा बाजार रविवारीच भरायचा, त्यामुळे उत्तर खोटंही नव्हतं.

पाळक त्रिभुवन तालुक्याच्या गावी आले ते एक काम घेऊन. जन्मानं ख्रिस्ती असून चर्चची पायरी न चढणारे आणि ती पायरी कधी पाहिलीच नाही असे, अशा लोकांसाठी नवी मंडळी उभी करायची, आणि ती जुन्यासारखीच असली पाहिजे असं नाही, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. तिशीचे असतील. चेहरा गोरा, कोवळा, आणि कोणालाही नाही म्हणता न येणारा. त्यांनी खताच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली, सतरंजी अंथरली, पेटी आणून ठेवली. चार-पाच रविवार ते खिडकीत बसून खालचा बाजार पाहत राहिले. मग एकदा उतरून माझ्यापाशी आले आणि पावशेर बोंबील मागितले. कसे करायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या पिशवी धरण्यावरूनच कळत होतं.

वर का येत नाही म्हणून त्यांनी विचारलं. मी बाजाराकडे बोट दाखवलं. मग कोणता वार मोकळा असतो, तर कोणताच नाही.

"मग ताई, तुम्ही लोक निवांत असता तरी कधी?"

"टेम्पोत," मी म्हणाले. टर उडवायला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी, पुढच्या गावच्या बाजारात, दिवस कलताना पाहते तर साहेब बायबल काखेत मारून टेम्पोपाशी उभे.

पहिल्या दिवशी त्यांनी उपदेश सुरू केला आणि पहिलं वळण यायच्या आत सगळा टेम्पो घोरायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते काही न बोलता कांद्याच्या पोत्यांवर बसले आणि आमच्याआधी त्यांनाच झोप लागली. हौसाबाईनं त्यांच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं. माझ्या मते आमची मंडळी त्या दिवशी सुरू झाली.

त्या संध्याकाळी मला अजूनही अर्धवट झोपेतच आठवतात. टेम्पोच्या मागच्या बाजूनं रस्ता उलगडत मागे जायचा. उन्हाचा शेवटचा पट्टा कधी ज्वारीवर, कधी हौसाबाईच्या नथीवर यायचा. मिरच्या, कांदा, काथ्या आणि माझी सुकट ह्यांचा मिळून एक वास व्हायचा, तो दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. कोणीतरी डोळे मिटल्या मिटल्या गाणं धरायचं. पुढे रशीदभाई आपली कॅसेट बंद करायचे. पाळकसाहेब येशूची एखादी गोष्ट सांगायचे, घाट लागायच्या आत संपेल एवढीच. मग कोणी आपलं दुखणं सांगायचं, कोणाची सून नांदत नव्हती, कोणाचा बैल बसला होता, आणि साहेब त्या सुनेसाठी आणि त्या बैलासाठी सारख्याच मनानं प्रार्थना करायचे. उरलेली भाकरी फिरायची. मोडून पुढे द्यायची, अशी वहिवाट पडली होती. ज्याचं गाव येईल तो उतरायचा, साहेब त्याला "शांतीने जा" म्हणायचे आणि आत राहिलेले सगळे त्याचं नाव घेऊन तेच म्हणायचे. अंधारातून उतरलेल्या माणसाचा "व्हय व्हय" एवढाच आवाज यायचा. झोपेत आपलं नाव आणि त्यामागे शांती, असं ऐकलंय कधी? मी ऐकलंय. घरी जाऊन जेवावंसंसुद्धा वाटायचं नाही.

ख्रिस्ती म्हणावेत असे आमच्यात तिघं-चौघंच. हौसाबाईचा देव हौसाबाईपाशी होता. आपण गाणं ऐकायला बसतो, असं ती सांगायची. साहेबांनी कधी कोणाला तू कोण म्हणून विचारलं नाही.

आणि भास्कर. भास्कर पारधे, कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या घासून देणारा. त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. तोही आमच्यातलाच, आणि माझ्यासारखाच चर्चबाहेरचा. टेम्पोत माझ्या पाटीशेजारची जागा नेहमी रिकामी राहायची. माणसं चांगली होती, पण नाक शेवटी नाक असतं. भास्कर तिथे येऊन बसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, झाळकामाचा, डाग देण्याचा धूर खाऊन खाऊन आपलं नाक मेलंय, आपल्याला वासच येत नाही. मी बरं म्हटलं. वर्षभर तो शेजारी बसला. मग एके दिवशी, घाट उतरताना, समोर पाहत म्हणाला, "सलोमी, आता घरीबी असंच शेजारी बसावं म्हणतो." एवढंच. मी त्याला दोन गावं जाईपर्यंत उत्तर दिलं नाही. उतरताना हो म्हणाले.

भावांना कळवलं. त्यांचं म्हणणं, ह्या वयात हवंय कशाला, आणि करायचंच तर बाजार सोड, पुण्याला हॉल घेऊ, तिकडे कोणाला सांगायचं नाही. मी नाही म्हटल्यावर ते येणार नाहीत हे ठरलं. मी वरवर हसले. पण लग्न देवाच्या नावानं आणि चार माणसांच्या साक्षीनं व्हावं, चोरून नको, एवढी एकच हौस मला होती. दगडी चर्चवाल्यांनी आमची नावं पुकारायला नकार दिला. आमच्या पटावर नाहीत, आम्ही त्यांना ओळखत नाही, म्हणाले. म्हणून पाळकसाहेबांनी ठरवलं की आमची मंडळी टेम्पोची, तर पुकार टेम्पोवरूनच होईल. ती ग्राह्य धरायची की नाही, हे कमिटी बघणार होती.

पहिल्या रविवारी साहेबांनी नावं पुकारली. कोणी काही बोललं नाही. पोती चढत राहिली. दुसऱ्या रविवारीही तसंच. मला सुटल्यासारखं वाटलं, पण हौसाबाई वाटेत कोणाशी बोलली नाही. भाकरी पुढे आली तर तिनं तोंड फिरवलं.

आणि आता तिसऱ्या रविवारी ही हरकत.

"आक्षेप आला की थांबावं लागतं, पाळकसाहेब," वाघचौरे सर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. शाळामास्तर माणूस, नियमाला धरून बोलला. "काय आहे तो ऐकून घ्या."

साहेब हौसाबाईकडे वळले. "मावशी, काय हरकत आहे तुमची?"

हौसाबाईनं बाजूला थुंकून तोंड पुसलं. उठून उभी राहिली. ती उभी राहिली की बाजार ऐकायचा, कारण तिचा आवाज मिरची विकून तयार झालेला होता.

"तीन आयतवार झालं," ती म्हणाली. "तू वर चढून पोरीचं नाव पुकारतो, कुणाचं काही म्हणणं हाय का म्हणून इचारतो, आन् समदी मुकी. मालक नसलेली म्हस दावणीला उभी करावी तशी पोर उभी. आमच्यात पोरीच्या लग्नात मामा रुसतो, चुलती फुगून बसती, लुगड्याचा काठ बारीक म्हणून मावशी मांडव सोडून चालाय लागती. मंग मागं पळायचं, पाया पडायचं, तिला आणायची. ज्या पोरीच्या लग्नात कुणीच रुसलं न्हाई, तिला माणूस न्हाई असं म्हणत्यात लोकं. सालूला माणूस न्हाई का? म्या काय मेले? मला सांगाय कोण आलं? लुगडं कुणी इचारलं? म्या रुसले. माझी हरकत हाय."

कोणी हसलं नाही. दोरवाला किसन हातातला कासरा गुंडाळता गुंडाळता थांबला आणि म्हणाला, तसं असेल तर आपलीही हरकत आहे. नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, सख्खे येणार नाहीत असं ऐकलं, मग तो मान कोणाला दिला? आपल्याला देणार नसाल तर लग्न होऊ देणार नाही. रशीदभाई पुढच्या दारातून खाली उतरले. नवरी लग्नाला कशातून जाणार, जीप सांगितली असेल तर त्यांची सक्त हरकत. मग भांडीवाली, मग घोंगड्या विकणारे दोघे भाऊ. ज्यांच्याशी माझी कधी धड बोलाचाली नव्हती असे लोकही धुळीतून पुढे येऊन हरकत घेऊ लागले. एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली आणि मग शेजाऱ्याला हळूच विचारलं, लग्न कोणाचं आहे.

मी खाली पोत्याकडे पाहत होते आणि मला ते पोतं दिसत नव्हतं. मला चर्चमधले बाक दिसत होते.

वडील गेल्यावरचे रविवार. बाजार आटोपून मी संध्याकाळच्या उपासनेला धावत जायची, पाटी ओसरीवर ठेवायची. आमचा बाक पुढून तिसरा होता. एकदा शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. तिला बिचारीला कळलंही नसेल. पुढच्या खेपेला मी एक बाक मागे बसले. मग आणखी एक. मग शेवटच्या बाकावर, मग ओसरीवर पाटीशेजारी, मग फाटकाबाहेर उभी राहून गाणं ऐकायची. मग तेही नाही. मला कोणी हाकललं नव्हतं. मी एकेक बाक मागे सरकत गेले आणि एवढ्या भरल्या चर्चमध्ये एकालाही वाटलं नाही की उठावं, हिचा हात धरावा, म्हणावं कुठे चाललीस, बस इथे. मी गेले तेव्हा कोणाचीच हरकत नव्हती.

इतकी वर्षं मी बाजाराकडे बोट दाखवत होते. त्या धुळीत उभी राहून मला पहिल्यांदा कळलं की मी कशाची वाट पाहत होते. मी रडले. माझ्या मापाचं रडले, म्हणजे पुष्कळ.

पाळकसाहेब फाळक्यावरून खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. त्यांनी प्रत्येकाची हरकत अगदी गंभीरपणे ऐकून घेतली, मग भास्करला म्हणाले, "भास्करराव, ह्या मिटवाव्या लागतील. मोठ्यांपासून सुरू करा."

भास्कर हौसाबाईपुढे जाऊन उभा राहिला. वाकून पाया पडला. द्यायला खिशात काही नव्हतं, म्हणून त्यानं तिच्या गल्ल्याच्या पेटीकडे पाहिलं. तिची किल्ली हरवून बरेच दिवस झाले होते आणि पैसे पडतील म्हणून ती पेटी सुतळीनं बांधून ठेवायची.

"मावशी, किल्ली करून देतो."

"फुकट?"

"फुकट."

"आन् लुगडं?"

"हिरवं देतो. काठ रुंद."

हौसाबाईनं थोडा वेळ मान मुद्दाम दुसरीकडे ठेवली. एकदम मानलं तर रुसण्याचा मान जातो. मग तिनं भास्करच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घेऊन जा. पर सांभाळ."

सगळ्या हरकती मिटेपर्यंत मैदान रिकामं झालं होतं आणि आभाळात तांबूस उजेड तेवढा राहिला होता. वाघचौरे सर अजून काठीवर हात ठेवून तिथेच उभे होते. सेक्रेटरी काय म्हणतात म्हणून पाळकसाहेब त्यांच्याकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण माझं सगळं त्या एका माणसाच्या शब्दावर अडकलं होतं.

सरांनी काठी टेम्पोला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडे मीच पुकार करतो. इतकी वर्षं करतोय. नावं घेतो, हरकत विचारतो आणि कोणी पुस्तकातून मान वर करून बघतसुद्धा नाही." ते माझ्याकडे वळले. "सलोमी, तुझे वडील पुढून तिसऱ्या बाकावर बसायचे."

"हो सर."

"तू कधी यायची थांबलीस?"

मी सांगितलं. बाक एकेक करून सांगितले. ते मान खाली घालून ऐकत होते.

"मग माझीही एक हरकत आहे," ते म्हणाले. "लग्न आमच्या चर्चमध्ये लागलं पाहिजे. हे सगळे लोक आले पाहिजेत. आणि तिसरा बाक हौसाबाईंचा."

त्या टेम्पोसाठी चर्चच्या फाटकाची दोन्ही दारं उघडावी लागली. एक दार कित्येक वर्षं बंद होतं आणि त्याचं कुलूप गंजून दगड झालं होतं. लग्नाच्या दिवशी नवरदेव कोट काढून, बाह्या सारून, कुलपापुढे उकिडवा बसला होता आणि आत पेटीवाला तेच तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता. कुलूप निघालं. रशीदभाईंनी हॉर्न दाबून धरला आणि मी मिरच्यांच्या पोत्यावर बसून चर्चच्या आवारात शिरले. किसननं कान असा पिळला की फोटोत भास्करचा एक कान लाल आहे. हौसाबाई हिरवं लुगडं नेसून तिसऱ्या बाकावर बसली आणि आशीर्वाद होईपर्यंत शांत झोपली.

लग्नानंतर आठवड्याभरात एकदा माझी भाजी चुलीवर राहून गेली. भास्कर अंगणातून ओरडला की करपतंय. मी बाहेर येऊन त्याच्याकडे पाहिलं. नाक मेलेला माणूस. तो किल्ली घासत राहिला, मान वर केली नाही, पण कान लाल झाला, ह्या वेळी न पिळता.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ काळ लोटला. पाळक त्रिभुवनांची बदली झाली, त्यांच्या जागी एक तरुण बाई पाळक आल्या आहेत. वाघचौरे सर गेले. हौसाबाई गेली, तिची किल्ली माझ्याकडे आहे. टेम्पो नवा आहे आणि रशीदभाईंचा मुलगा चालवतो, पण घाटाआधी तोही गाणी बंद करतो. आमच्या मंडळीत एक रीत पडून गेली आहे, ती कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. तिसऱ्या पुकारेला कोणीतरी हरकत घ्यायची. माणसं आठवडाभर आधीपासून काय बोलायचं ते ठरवतात, कधी कधी हरकत घेण्यावरून भांडतातसुद्धा.

गेल्या महिन्यात सुवार्ता नावाच्या मुलीचं नाव पुकारलं. कुठल्यातरी वसतिगृहात वाढलेली, बाजारात नवीन, पिना आणि रिबिनी विकते. कोणाशी बोलत नाही, टेम्पोत अगदी फाळक्यापाशी कडेला बसते. कोणाला तिचं गाव ठाऊक नाही. बाजार उठत होता, तशीच धूळ होती, तसंच पिवळं ऊन. पाळकबाईंनी तिसऱ्यांदा नावं घेतली, कोणाची हरकत आहे का म्हणून विचारलं आणि सगळीकडे पाहिलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. कोणीतरी बोलेल असं प्रत्येकाला वाटत होतं. मुलगी खाली मान घालून उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, अगदी थोडी, मागे सरकली.

मी पाहिलं ते. एवढंसं सरकणं मला ओळखू येतं.

माझे गुडघे आता उठताना तक्रार करतात. भास्करनं कोपराखाली हात दिला. मी पोत्यावरून उठले, लुगडं झटकलं आणि बोंबील विकून तयार झालेल्या आवाजात म्हणाले, "माझी हरकत आहे."

पोरीनं मान वर केली.